मी वाटणीत नव्हते

आये, तू गेलीस तेव्हा मी बोटीवर होतो. बातमी माझ्यापर्यंत पोचली तोवर तुझं सगळं होऊन गेलं होतं. त्यानंतर तुला काही सांगावं असं पुष्कळदा वाटलं, पण लिहायला कधी बसलो नाही. आता बसलोय, कारण या घरात दुपारी कोणी नसतं. सिंगापुरातच, सेरंगूनला लेकीच्या फ्लॅटवर राहायला येऊन मला थोडेच दिवस झालेत. लेक आणि जावई सकाळीच एमआरटीच्या रेल्वेने कामाला जातात, मुलं शाळेतून परस्पर ट्यूशनला. दाराबाहेर लोखंडी जाळीचं आणखी एक दार आहे, त्याला कुलूप आहे. ते लागलं की नाही हे मी मघाशी बघून आलो, परत आलो आणि पुन्हा जाऊन ओढून बघितलं. गॅसही बघितला. माझी शाळा चौथीपर्यंतची, तीही आक्कासाहेबांनी घातली म्हणून झालेली. अक्षर मोठं मोठं येतं, पान लगेच भरतं. कुठे चुकलं तर समजून घे. तुला तर वाचताच येत नव्हतं, आणि हे पत्र तुझ्या हयातीत आलं असतं तर तू ते मालकांच्याच घरातल्या कोणाकडून तरी वाचून घेतलं असतंस. म्हणजे लिहिता आलंच नसतं. आता येतंय.

सुरुवात नातीपासून झाली. मी तेव्हा मुलाकडे, मरीन परेडला होतो. तुझी सून गेल्यावर क्वीन्सटाउनचा आमचा जुना फ्लॅट विकला आणि मुलाने मला तिकडे नेलं. नात ज्युनिअर कॉलेजात आहे, जेवणाच्या टेबलावर पुस्तकं पसरून बसते. पंखा तिथेच आहे म्हणून मीही तिथे बसतो. काय वाचतेस म्हणून विचारलं तर म्हणाली, "अमेरिकेतले मळेवाले, आजोबा. कापूस, तंबाखू. ते मेले की फॅमिलीत सगळं कसं डिव्हाइड व्हायचं, त्यावर एसे आहे." मी म्हटलं, त्यात लिहिण्यासारखं काय? जमीन असते, गुरं असतात, भावाभावांत वाटतात. ती म्हणाली, "माणसं पण, आजोबा. ते माणसं ओन करायचे ना. दिस वन व्हेरी सॅड, लाह."

मग ती वाचत गेली आणि मला अर्ध्या मराठीत सांगत गेली. मालक मेला की शेजारपाजारचे चार जाणते यायचे. गुरं, भांडी, पलंग आणि माणसं यांची किंमत ठरवायचे, सारखे वाटे करायचे आणि कधी कधी टोपीत चिठ्ठ्या टाकून उचलायचे. एका वाट्यात कमी पडलं तर दुसऱ्या वाट्यातलं एखादं पोर काढून इकडे. विधवेला काही माणसं तिच्या हयातीपुरती द्यायची, तिच्यामागे ती पुन्हा मुलांत वाटायची. बाईच्या पोटात असलेलं मूलही आधीच कोणाच्या तरी नावावर. आणि जमीन बहुतेक मुलग्यांना, माणसं मुलींना. असं का, म्हणून मी विचारलं नाही. मला कळलं होतं. जमीन उचलून सासरी नेता येत नाही. माणूस चालत जातो.

"काही बाप काय करायचे," नात म्हणाली, "मुलीला जी बाई द्यायचे ती मुलीचीच राहील असं बांधून द्यायचे. म्हणजे नवऱ्याचा तिच्यावर हक्क नाही."

"लेकीचं वेगळं. माहेरचं," मी म्हटलं.

"हां, तेच! हाउ डिड यू नो, आजोबा?"

मी पाणी प्यायला म्हणून उठलो आणि स्वैपाकघरात बराच वेळ नळापाशी उभा राहिलो.

आये, तू मला ते बैलगाडीचं किती वेळा सांगितलंस. खोतांची थोरली लेक, म्हणजे आपल्या आक्कासाहेब, घाटावरच्या इनामदारांकडे दिली, तिच्याबरोबर आंदण म्हणून वासरासकट गाय दिली, तांब्याचे हंडे, पितळी समया दिल्या, आणि तू. तुम्ही दोघी बहिणी खोतांच्याच घरात जन्मलेल्या. मावशी दांडगी होती, तू गप्प होतीस म्हणून तुला निवडलं. गाडीत मागच्या बाजूला, हंड्यांना आवाज होऊ नये म्हणून मध्ये तुला बसवलेलं. मावशी गोठ्यापाशी उभी होती. तिला वाटलं तू नवरीला पोचवून चार दिवसांत परत येशील, म्हणून तिने हातसुद्धा हलवला नाही, शेणाची पाटी उचलली आणि आत गेली. हे सांगताना तू हसायचीस. "येडी," म्हणायचीस, "नुसती पाटी उचलून गेली बघ." चुलीपुढे बसून तू हे सांगते आहेस, भाकरी थापते आहेस, आणि मी तुझ्या तोंडाकडे बघतोय, हसायचं की नाही हे मला कळत नाही.

कागदावर यातलं काहीच नव्हतं. सरकारच्या लेखी तू कोणाची नव्हतीस. घरातलेही तुला वाईट शब्दाने बोलत नसत. आमच्या घरातली, एवढंच म्हणत.

मग इनामदार गेले आणि तिघा भावांची वाटणी झाली. तेव्हा मी मिसरूड फुटलेला गडी होतो, बापाबरोबर माजघरातून भांडी अंगणात आणून मांडत होतो. त्या घरची रीत अशी की थोरल्याने वाटे करायचे आणि धाकट्याने आधी उचलायचं, म्हणजे वाटे करणाऱ्याचा हात सरळ राहतो. अंगणात तीन ठिकाणी भांडी वाढत चालली आहेत. पंच पान खात बसलेत. जातं धाकट्याकडे गेलं. मोठं घंगाळ मधल्याकडे, त्याबदल्यात थोरल्याला दोन हंडे. मग गुरं झाली. मग कोणीतरी म्हणालं, "आणि गडी?" थोरले मालक माझ्या बापाकडे न बघता म्हणाले, "तो विहिरीच्या रानाबरोबर जाऊ दे मधल्याकडे. पाण्याच्या पाळ्या त्यालाच ठाऊक आहेत." बापाने मान डोलावली. त्याला बरं वाटलं असावं, विहीर त्याच्या हातची होती.

मग विषय तुझ्यावर आला. धाकट्या वहिनी दाराआडून म्हणाल्या, "स्वैपाकघरातली मला द्या. माझी लेकरं लहान आहेत." मधले म्हणाले, "तुमची लेकरं लहान नाहीत असं एक तरी वर्ष दाखवा, मी आपणहून देतो." सगळे हसले. पंचही हसले, पानाची पिंक सांभाळत. तेवढ्यात आक्कासाहेब उंबऱ्यावर आल्या. नवरा जाऊन फार दिवस झाले नव्हते, बाहेर येत नसत. म्हणाल्या, "तिच्याकडं कोणी बोट दाखवायचं नाही. ती माझ्या माहेरची आहे. तुमच्या बापाची नव्हती, तुमची कुठून होईल?"

तू पडवीत समया घासत होतीस, घासतच राहिलीस. पण संध्याकाळी तू मला हाताला धरून परसात नेलंस आणि म्हणालीस, "ऐकलंस न्हवं? म्या वाटणीत नव्हते." तुझं तोंड मी तसं कधी बघितलं नव्हतं. पुढे बोटीवर जायच्या आधी जितक्या वेळा भेटलो तितक्या वेळा तू कोणाला ना कोणाला हे सांगत होतीस. तेलीण आली तिला, बांगड्या भरणारा आला त्याला. भांडी वाटली, गुरं वाटली, माझा माणूस वाटला, पण मी वाटणीत नव्हते. मीही हे माझ्या बायकोला अभिमानाने सांगितलं होतं. इतकी वर्षं ते मी मानाचं म्हणून सांभाळलं, आणि त्या दिवशी नळापाशी उभा राहून मला पहिल्यांदा वाटलं, की समया तरी कोणाच्या होत्या? त्याही माहेरच्याच.

बाप विहिरीच्या रानाबरोबर गेला, तू आक्कासाहेबांबरोबर थोरल्यांकडे राहिलीस. दोन घरांत फार अंतर नव्हतं. हाक मारली तर ऐकू जाईल एवढंच. पण हाक कोणी मारायची? मी कोणाकडे, हे ठरायच्या आत मुंबई गाठली आणि तिथून बोटीत इंजिनाला तेल घालायच्या कामाला लागलो, ते शेवटी इथल्या बंदरावरच राहिलो.

आक्कासाहेबांविषयी मला वाईट लिहायचं नाही. त्यांनी मला शाळेत घातलं, तुला स्वतःच्या अंगावरची शाल दिली. मी मुंबईला जायच्या आधी मावशीचा निरोप आला होता ते आठवतं? कोकणातून आमसुलं घेऊन आलेल्या माणसाबरोबर तिने सांगून पाठवलं होतं, की मी एकटी आहे, पाय सुजलेत, बहिणीला म्हणावं दोन महिने येऊन राहा. तू गाठोडं बांधलंस. आक्कासाहेब म्हणाल्या, "जा की. मी कुठं अडवलंय? फक्त एवढं सांग, तू नसताना मला घास कसा गिळवेल?" आणि रडू लागल्या. खरंच रडत होत्या. तू गाठोडं सोडलंस. रात्री मला म्हणालीस, "जीव हाय तिचा माझ्यावर." मावशी तुला पुन्हा दिसली नाही.

हे सगळं जुनं मी उकरत बसलो नसतो, पण नातीचा एसे संपतो न संपतो तोच मुलाची बदली ठरली. रॉटरडॅमला, निदान तीन वर्षं. मुलगा जहाजांच्या दुरुस्तीच्या कंपनीत आहे. थंडी मला सोसायची नाही, म्हणून मी लेकीकडे राहायचं असं ठरलं. त्यात काही वाईट नाही, लेक माझीच आहे. रविवारी ती सेरंगूनहून आली आणि ती, मुलगा, सूनबाई असे तिघं घरभर फिरून काय कोणी घ्यायचं ते बोलू लागले. मी सोफ्यावर होतो. सोफा विकायचा होता.

"फ्रिज मला नको, वॉशिंग मशीन नेते," लेक म्हणाली.

"न्या ना ताई. आणि पियानो?" सूनबाई म्हणाली.

"पियानो ठेवू कुठे? माझ्या डोक्यावर? पण बाई मात्र मला हवी हं. बाबा आणि बाई, दोघांना मीच घेते. ती बाबांचं सगळं करते, बाबांना तिची सवय आहे. नवीन आणली की सहा महिने नुसतं शिकवण्यात जातात."

"तेच बरं," मुलगा म्हणाला. "घरातल्या घरात. कागद बदलले की झालं."

बाई म्हणजे जावा बेटावरची, आमच्याकडे राहून काम करणारी. ती तेव्हा ओट्यापाशी पपई कापत होती. मराठी तिला कळत नाही, पण आपल्याविषयी बोललेलं कुठल्याही भाषेत कळतं. तिने सुरी थांबवून माझ्याकडे बघितलं. घरात तिच्याशी बोलणारा मी एकटा. बंदरावर इतकी वर्षं काढली, मोडकंतोडकं मलय मला येतं आणि ते तिला समजतं. मला ती काकेक म्हणायची, म्हणजे आजोबा. दुपारी आम्ही दोघं गॅलरीत शेंगा सोलायचो. भात मऊ लागतो हे तिला सांगावं लागत नसे, आणि पिठलं ती सूनबाईपेक्षा चांगलं करायची. मी कुलूप ओढून बघायला उठलो की म्हणायची, "काकेक, चोर आला तर तुमचं बघून बघून कंटाळेल आणि दुसरीकडे जाईल." माझी बायको गेल्यानंतर मला कोणी हसवलं असेल तर तिनेच.

तर, मी सोफ्यावरून म्हटलं, "तिला विचारलं का?" आवाज इतका बारीक आला की पुन्हा म्हणावं लागलं.

"बाबा, काय विचारायचं?" लेक म्हणाली. "तिला काम हवंय, मला बाई हवीय. आणि पगार मी वाढवून देणार आहे."

"तरी पण. विचारायला नको?"

"बाबा, आपण काय तिला बांधून नेतोय का?" मुलगा म्हणाला. त्याचा पेजर वाजला, तो बघत बघत म्हणाला, "तुम्हाला मलय येतं ना, तुम्हीच विचारा. लगेच विचारा. म्हणजे तुमच्याही जिवाला शांती."

त्याचं खरं होतं. ही गोष्ट तुझ्यासारखी आहे असं मी म्हणत नाही. तिला पगार होता, ती आपल्या पायांनी इथे आली होती, तिला परत जाता येत होतं. पासपोर्ट सूनबाईच्या कपाटात होता, पण तो सगळ्यांकडेच तसा असतो म्हणतात. मी उठून ओट्यापाशी गेलो. आधी गॅसचं बटण दोनदा फिरवून बघितलं. कोणाला मारायचं होतं की काय मला? नुसतं विचारायचं होतं. मी तिला सांगितलं, हे लोक जाणार, मी सेरंगूनला जाणार, माझ्या लेकीला तू हवी आहेस, पगार जास्त आहे. मग विचारलं, तुला काय पाहिजे?

ती पपईच्या बिया गोळा करत राहिली. मग म्हणाली, "पुलांग, काकेक." घरी जायचंय.

मी म्हटलं, का? घरी कोण आजारी आहे? ती म्हणाली, कोणी आजारी नाही. बाप वारलाय, हे मला माहीत होतं. आता ईदच्या सणानंतर भावंडं बापाचं शेत आणि माड वाटून घेणार होती. तिचा त्यात वाटा होता, भावांइतका नाही, पण होता. "मी तिथं बसले नाही तर मला पाणथळीचा तुकडा देतील आणि म्हणतील, हीच म्हणाली होती चालेल म्हणून. विहिरीजवळचा माड मला पाहिजे. मोठ्या भावाचा डोळा आहे त्याच्यावर. मी समोर बसले तर त्याची बोलायची हिंमत नाही." हे सांगताना तिने सुरी अशी धरली की मला हसू आलं. तीही हसली. मग म्हणाली, मॅडमला सांगायचं कसं तेच कळत नव्हतं, बरं झालं तुम्ही विचारलंत.

मी मागे वळलो. तिघं माझ्याकडे बघत होते. ओट्यापासून सोफ्यापर्यंत चालत येताना माझ्या डोक्यात काय आलं ते ऐक. लेकीच्या फ्लॅटमधली दुपार आली. शेंगांची परात एकट्याने घेऊन बसणं आलं. आणि असं आलं, की इथे मलय मला एकट्यालाच येतं. येते म्हणाली, असं मी सांगितलं तर कोण तपासणार आहे? तिचं वाईट थोडंच होत होतं, पगार वाढत होता, आणि माझा जीव होता तिच्यावर. आये, हा शब्द माझ्या मनात जसाच्या तसा आला, तुझ्या आवाजात, आणि मी मधेच खुर्ची धरून उभा राहिलो.

"काय म्हणाली, बाबा?"

"घरी जायचंय म्हणते. बापाच्या जमिनीची वाटणी आहे. तिला तिथं बसायचंय."

लेक फार चिडली. "तुम्हीच तिच्या डोक्यात भरवलं असणार. आता तुमच्याकडे दिवसभर कोण बघणार? मी नोकरी सोडू?" सूनबाई म्हणाली, बघू, पुन्हा समजावू. पण मुलाने माझ्याकडे बघितलं, काय दिसलं त्याला कोण जाणे, म्हणाला, "जाऊ दे ताई. तिकीट काढून टाकू." सूनबाईने कपाटातून पासपोर्ट आणून टेबलावर ठेवला. बाईने तो उघडून स्वतःचा फोटो बघितला आणि म्हणाली, केवढी बारीक होते मी.

लेक अजून माझ्याशी कामापुरतंच बोलते. सकाळी भात, आमटी टेबलावर झाकून ठेवते, त्यावर चिठ्ठी असते, गरम करून घ्या, गॅस बंद करा. नवीन बाई बघताहेत, मिळेल. मी बरोबर केलं असं मला रोज वाटतं आणि रोज दुपारी तीनच्या पुढे वाटेनासं होतं. तुला आक्कासाहेबांनी जाऊ दिलं असतं तर तू मावशीकडे राहिली असतीस, की परत आली असतीस? परत आली असतीस असं मला वाटायला लागलंय, आणि ते मला आवडत नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. लेकीच्या हाती लागू नये म्हणून फाडावं लागेल, किंवा जुन्या कपड्यांत ठेवीन. एकच राहिलं. बाई गेली त्या दिवशी मी तिला टॅक्सीपर्यंत सोडायला खाली उतरलो होतो. बिस्किटांचे डबे, नवी चप्पल, आनंदाने नुसती फुललेली. तिने माझा हात धरून कपाळाला लावला, त्यांच्यात थोरांना तसं करतात, आणि गाडीत बसली. गाडी वळेपर्यंत मी तिच्याच तोंडाकडे बघत होतो. तिने थोडं तरी रडावं असं मला फार वाटत होतं. ती रडली नाही, आणि त्याचा मला राग आला. तू समोर असतीस तर हे तुला सांगितलं नसतं.